लोड १४०, सीपीयू मोकळा: कर्नल कुठे अडकलाय?

प्रश्न: ताई, स.न.वि.वि. मी नाशिकजवळच्या एका महाविद्यालयाचे सर्व्हर सांभाळतो. महिनाभर आमची वेबसाइट अधूनमधून गोठते आहे. टॉप लावून पाहिलं तर लोड ॲव्हरेज १४० आणि सीपीयू ९५ टक्के आयडल. मशीन आठ कोअरचं आहे. पीएचपीच्या बहुतेक प्रोसेस ‘डी’मध्ये दिसतात आणि किल -९ दिलं तरी मरत नाहीत. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, संदेशांत) ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ असे काही संदेश आले, मग तेही यायचे थांबले. ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला ते म्हणतात, कोअर वाढवा. या वेळी रीबूट करण्याआधी सिसआरक्यूचं (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) ‘डब्ल्यू’, म्हणजे अडकलेल्या प्रोसेस छापणारी आज्ञा, चालवून लॉग जपून ठेवला. सोबत पाठवतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर: लॉग जपून ठेवलात, फार चांगलं केलंत. मी सपोर्टमध्ये काम करायचे तेव्हा रात्रीच्या फोनवरचं पहिलं वाक्य बहुधा ‘रीबूट केलंय, आता चालू आहे’ असंच असायचं. सगळा पुरावा रॅममध्ये असतो आणि रीबूट केलं की तोच पुसला जातो. तुम्ही दोन मिनिटं थांबलात म्हणून आज आपल्याला नेमकं काहीतरी बोलता येतंय.

कोअर वाढवू नका, पैसे वाया जातील. लिनक्सचं लोड ॲव्हरेज सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस तर मोजतंच, पण ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे सिग्नल देऊनही न उठणाऱ्या झोपेतल्या प्रोसेसही त्यात धरतं. हा बदल १९९३ मधला, मथायस उर्लिक्स यांच्या पॅचमधून आलेला. ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुन्या मेल धुंडाळून त्याचा उगम शोधून काढला. तेव्हा तुमचे १४० म्हणजे साधारण तेवढ्या प्रोसेस कशाची तरी वाट बघत बसल्या आहेत. त्यांना सीपीयू नकोच आहे. त्या कशाची वाट बघताहेत ते मात्र या आकड्यातून कळणार नाही, त्यासाठी स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं फंक्शन बोलावलं त्याची साखळी, बघावा लागतो.

तुमच्या लॉगमध्ये सव्वाशेच्या वर प्रोसेस आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचा स्टॅक एकच आहे. (पडद्यावर ही नावं रोमन लिपीत दिसतील. मधल्या काही ओळी मी गाळल्या आहेत.)

आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ
लुकअप_स्लो
वॉक_कंपोनंट
पाथ_लुकअपॅट
फाइलनेम_लुकअप
व्हीएफएस_स्टॅटेक्स

स्टॅक खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली प्रोग्रामने काय मागितलं ते असतं, सगळ्यात वर कर्नल आत्ता कुठे उभा आहे ते. इथे पीएचपीने एका फाइलची माहिती मागितली. कर्नल पाथचा एकेक भाग सोडवत निघाला. एक नाव कॅशमध्ये सापडलं नाही, म्हणून प्रत्यक्ष डिरेक्टरीत बघणं आलं. त्यासाठी त्या डिरेक्टरीचं वाचण्यापुरतं, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेता येणारं लॉक हवं होतं. ते मिळेना, म्हणून प्रोसेस झोपली. ही झोप सिग्नलने मोडत नाही, त्यामुळे किल -९ चाही उपयोग झाला नाही.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘लॉकचा प्रॉब्लेम आहे’ असं लिहून मोकळे होतात. पण लॉकसाठी थांबलेल्या सव्वाशे प्रोसेस ही त्रासाची खूण झाली, कारण नव्हे. लॉक कुणीतरी धरून ठेवलं आहे, आणि ती प्रोसेस यांच्यासारखी दिसणार नाही. गर्दीतली वेगळी प्रोसेस शोधायची, एवढं एक काम नीट केलंत तरी अर्ध्याहून अधिक केसेस सुटतात. तुमच्या लॉगच्या शेवटाकडे ती आहे, फोटो लहान करणारी क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट:

आरपीसी_वेट_बिट_किलेबल
आरपीसी_कॉल_सिंक
एनएफएस३_प्रॉक_क्रिएट
एनएफएस_क्रिएट
लुकअप_ओपन
पाथ_ओपनॅट

स्क्रिप्ट अपलोडच्या डिरेक्टरीत नवी फाइल तयार करायला गेली. नवी फाइल करायची तर त्या डिरेक्टरीचं लॉक एकट्यासाठी घ्यावं लागतं, ते तिने घेतलं. डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजवर, आहे, म्हणून क्रिएटची विनंती नेटवर्कवरून स्टोरेजकडे गेली. उत्तर आलं नाही. आता ती लॉक हातात घेऊन नेटवर्ककडे डोळे लावून बसली आहे आणि मागे अख्खी वेबसाइट तिच्यासाठी खोळंबली आहे.

तुमच्या लॉगमधली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. १२० सेकंदांचे ते संदेश तुम्ही तपासलेत, तरी त्यात ही स्क्रिप्ट कुठेच नव्हती. हा योगायोग नाही. ‘किलेबल’ प्रकारची झोप २००८ मध्ये कर्नल २.६.२५ मध्ये आली, ती मुख्यत्वे अशाच एनएफएसवर अडकलेल्या प्रोसेस निदान -९ ने तरी मारता याव्यात म्हणून. आणि अडकलेल्या प्रोसेस शोधणारा केहंगटास्कडी हा कर्नल थ्रेड किलेबल प्रोसेस मुद्दाम वगळतो. म्हणजे ते संदेश तुम्हाला खोळंबलेले दाखवतात, खोळंबा करणारा दाखवत नाहीत. ‘डब्ल्यू’ मात्र दोघांनाही छापतो. शिवाय त्या संदेशांवर मर्यादा असते: मूळ सेटिंगनुसार १० छापून झाले की कर्नल गप्प होतो. तुमचे संदेश थांबले ते त्यामुळे, मशीन सुधारलं म्हणून नव्हे.

पुढच्या वेळी असं झालं तर स्क्रिप्टवर किल -९ चालवून बघा, ती मरेल. पण लगेच रांगेतल्या पुढच्या प्रोसेसला लॉक मिळेल आणि तीही स्टोरेजकडे विचारायला जाऊन तिथेच अडकेल. म्हणून खरा इलाज स्टोरेजच्या बाजूला करायला हवा. तुमच्या डीमेसेजमध्ये ‘एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’ ही ओळ आहेच आणि तिची वेळ दर वेळी गोठण्याच्या थोडी आधीची आहे. त्या वेळेचा स्टोरेज बॉक्सचा लॉग आणि मधल्या स्विचच्या पोर्टवरच्या एरर काउंटरचे आकडे मागवा. सर्व्हर विकणाऱ्यांशी बोलण्यापेक्षा हे आकडे घेऊन नेटवर्कवाल्यांशी बोला.

कुणी सांगेल की माउंट, म्हणजे स्टोरेजची जोडणी, ‘सॉफ्ट’ करा, म्हणजे काही अडकणारच नाही. जिथे लिहिणं होतं तिथे हे करू नका. सॉफ्टमध्ये ठरावीक वेळेनंतर लिहिण्याचं काम एरर देऊन सोडून दिलं जातं, आणि प्रोग्रामने ती एरर तपासली नसेल तर विद्यार्थ्याचा फॉर्म अर्धवट साठेल आणि कुणाला कळणारही नाही. त्यापेक्षा लहान केलेले फोटो वेगळ्या डिरेक्टरीत ठेवा. त्यामुळे अपलोडच्या डिरेक्टरीचं लॉक या कामात गुंतणार नाही. स्टोरेज पूर्ण बंद पडलं तर त्यानेही भागणार नाही, पण ते नुसतं मंदावलं असेल तर साइट तग धरेल.

प्रश्न: आमचा इचलकरंजीत कापडाचा व्यवसाय आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, सर्व्हर सेंटओएस ७, रॅम १२८ जीबी. रीबूटनंतर काही दिवस सगळं सुरळीत असतं. मग भर कामाच्या वेळी सीपीयू १०० टक्क्यांवर जातो आणि त्यातले सत्तर-ऐंशी टक्के ‘सिस्टिम’चे असतात. क्वेरी नेहमीच्याच, कुठे काही बदल नाही. पर्फ टॉपमध्ये (सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं साधन) सगळ्यात वर ‘आयसोलेट_फ्रीपेजेस_ब्लॉक’ दिसतं. कॅश रिकामी केली की थोडा वेळ बरं वाटतं. रॅम वाढवावी का? — एक उद्योजक, इचलकरंजी

उत्तर: रॅम आहे तेवढी पुरे. आणि डेटाबेसच्या मशीनवर कॅश रिकामी करायची सवय आधी मोडा, कारण त्यानंतर प्रत्येक क्वेरीला डिस्क गाठावी लागते.

तुमची केस पहिल्या प्रश्नाच्या नेमकी उलट आहे. तिथे प्रोसेस झोपलेल्या होत्या, इथे त्या जाग्या आहेत आणि सीपीयू जाळताहेत. प्रोसेस झोपलेली आहे की धावते आहे, हा भेद पहिल्या मिनिटाला करायचा, कारण हत्यारं वेगळी लागतात. झोपलेल्यांसाठी ‘डब्ल्यू’ किंवा प्रॉकमधल्या त्या पीआयडीच्या फोल्डरमधली ‘स्टॅक’ ही फाइल. धावणाऱ्यांसाठी पर्फ, कारण तिथे एका क्षणाच्या स्टॅकवरून काहीच ठरवता येत नाही, हजारो नमुने लागतात.

पर्फ टॉपमध्ये तुम्हाला फक्त टोकाचं नाव दिसलं. ते नाव काय काम करतं एवढंच सांगतं, ते काम कुणी सांगितलं हे सांगत नाही. म्हणून मी तुम्हाला मेलवर कॉल ग्राफसकट (कुणी कुणाला बोलावलं त्या साखळीसकट), सेकंदाला ९९ च्या दराने, अर्धा मिनिट रेकॉर्ड करायला सांगितलं होतं. (१०० ऐवजी ९९ अशासाठी, की कर्नलची बरीच कामं घड्याळाच्या ठोक्याला होतात. आपणही त्याच ठोक्याला नमुने घेत राहिलो तर तीच कामं पुन्हा पुन्हा दिसतील, नाहीतर कधीच दिसणार नाहीत.) तुम्ही पाठवलेली साखळी खालून वर अशी आहे: पेज_फॉल्ट, हँडल_एमएम_फॉल्ट, डू_ह्यूज_पीएमडी_अनॉनिमस_पेज, अलॉक_पेजेस_स्लोपाथ, अलॉक_पेजेस_डायरेक्ट_कॉम्पॅक्ट, कॉम्पॅक्ट_झोन, मायग्रेट_पेजेस, कॉम्पॅक्शन_अलॉक आणि टोकाला आयसोलेट_फ्रीपेजेस_ब्लॉक.

यातलं तिसरं नाव सगळं सांगून जातं. पोस्टग्रेसच्या प्रोसेसने थोडी मेमरी मागितली. कर्नलने नेहमीचं ४ केबीचं पान द्यायचं सोडून २ एमबीचं मोठं पान द्यायचं ठरवलं. ट्रान्स्परंट ह्यूज पेजेस नावाची ही सोय २०११ मध्ये, कर्नल २.६.३८ मध्ये आली. मोठ्या पानासाठी ४ केबीची ५१२ पानं सलग मोकळी लागतात. तुमच्याकडे मोकळी जागा आहे, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. बसमध्ये सीट पुष्कळ रिकाम्या असाव्यात पण पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र बसायला जागा मिळू नये, तसं. मग कर्नल इतर पानं इकडून तिकडे सरकवून सलग जागा तयार करायला लागतो. आणि हे काम तो त्या क्षणी मेमरी मागणाऱ्या प्रोसेसच्याच वेळेतून करतो. तुमची क्वेरी हळू चालते ती यामुळे. शंभर जोडण्यांवर एकाच वेळी असं सुरू झालं की त्या सगळ्या मेमरीच्या एकाच झोनच्या, म्हणजे विभागाच्या, लॉकवर भांडतात आणि ‘सिस्टिम’चा आकडा चढतो.

रीबूटनंतर बरं का वाटतं तेही यातून कळतं. ताज्या मशीनमध्ये मेमरी सलग असते. मग पेज कॅश भरत जाते, तुकडे पडत जातात आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

पण साखळीवरून मी म्हणते म्हणून मानू नका, ताडून बघा. प्रॉकमधल्या ‘बडीइन्फो’ या फाइलमध्ये प्रत्येक आकाराचे किती मोकळे तुकडे आहेत ते रांगेने असतं. मोजणी शून्यापासून धरली तर ९ व्या रकान्यात २ एमबीचे तुकडे. त्रास चालू असताना ते आकडे जवळजवळ शून्य आणि डावीकडचे प्रचंड असायला हवेत. ‘व्हीएमस्टॅट’ या फाइलमधला ‘कॉम्पॅक्ट_स्टॉल’ हा आकडा दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा, तो झपाट्याने वाढत असायला हवा. तीनही पुरावे एका बाजूला आले की मगच सेटिंगला हात लावा.

सिसमधल्या ट्रान्स्परंट_ह्यूजपेज या फोल्डरमध्ये ‘डीफ्रॅग’ आणि ‘एनेबल्ड’ अशा दोन फाइल आहेत. दोन्हींत ‘एमअॅडव्हाइज’ (प्रोग्रामने मागितली तरच मोठी पानं) लिहा. परिणाम लगेच दिसतो, रीबूट लागत नाही. कायमचं करण्यासाठी ट्यूनडी या सेटिंग सांभाळणाऱ्या सेवेच्या प्रोफाइलमध्ये घाला. पोस्टग्रेसला मोठ्या पानांचा फायदा हवाच असेल तर शेअर्ड बफर्सपुरती (पोस्टग्रेसच्या सामायिक मेमरीपुरती) ह्यूज पेजेस आधीच राखून ठेवा आणि पोस्टग्रेसचं ‘ह्यूज_पेजेस’ हे सेटिंग वापरा. ते ९.४ पासून आहे. मोठी पानं वाईट नाहीत. ऐन कामाच्या वेळी ती जमवत बसणं वाईट.

तुमचा कर्नल ३.१० आहे. मूळ लिनक्समध्ये ४.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, ‘डीफ्रॅग’चं मूळ सेटिंग बदललं, त्यामुळे नव्या मशीनवर हा त्रास या रूपात सहसा दिसत नाही. शिवाय सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आहे. जिथे रोजचा हिशेब आहे तिथे सुरक्षा अपडेट न मिळणारं मशीन ठेवू नका. सेटिंग आज बदला आणि दिवाळीचा हंगाम आटोपला की नव्या आवृत्तीवर जा.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कर्नलचे स्टॅक वाचायला शिकते आहे. नावापुढे +०एक्स१ई/०एक्सए० असं असतं ते काय? काही ओळींआधी प्रश्नचिन्ह का असतं? आणि माझ्या व्हर्च्युअल मशीनवर पर्फ कधीही चालवलं तरी ‘रॉ_स्पिन_अनलॉक_आयआरक्यूरिस्टोर’ सगळ्यात वर येतं. लॉक घ्यायला वेळ लागतो हे समजलं, सोडायला कसा लागेल? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: तुझा शेवटचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. पुष्कळ अनुभवी लोक ते नाव बघून तसंच अहवालात उतरवतात. तुला ते पटलं नाही, आणि न पटणंच बरोबर आहे.

लॉक सोडायला खरंच वेळ लागत नाही. पर्फ खऱ्या हार्डवेअरवर सीपीयूतला मोजणी करणारा काउंटर वापरतो. काउंटर भरला की असा इंटरप्ट (सीपीयूला मध्येच थांबवणारा इशारा) येतो जो कर्नलला बंद करता येत नाही, म्हणून कुठल्याही ओळीवर नमुना पकडता येतो. तुझ्या व्हर्च्युअल मशीनला तो काउंटर मिळालेला नसावा. मग पर्फ साध्या टायमरवर चालतो, आणि टायमरचा इंटरप्ट कर्नल बंद करू शकतो. या प्रकारचं लॉक घेताना तो इंटरप्ट बंद करतोच. लॉक हातात असताना टायमर वाजायची वेळ झाली तरी त्याला ताटकळावं लागतं. लॉक सोडताना इंटरप्ट चालू झाले रे झाले की तो ताबडतोब वाजतो, आणि आत जे काही घडलं त्याचा दोष दार उघडणाऱ्या ओळीवर येतो.

पर्फच्या रिपोर्टच्या माथ्यावर इव्हेंटचं नाव बघ. ‘सायकल्स’ असेल तर काउंटर आहे, ‘सीपीयू-क्लॉक’ असेल तर टायमर. केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) असेल तर पाहुण्या मशीनला यजमानाचा सीपीयू जसाच्या तसा दिला की काउंटर मिळू शकतो. ते जमेपर्यंत त्या नावाच्या खालची ओळ वाच. इंटरप्ट बंद करून वेळ खाणारं फंक्शन बहुधा तेच असतं. प्रत्यक्ष लॉकसाठी ताटकळणं वेगळं दिसतं: ‘नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ’. ते वर आलं तर लॉकवर खरंच गर्दी आहे. पण तिथेही ते नाव गुन्हेगार नाही, कुठलं लॉक ते खालची ओळच सांगते.

तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइटवर कर्नल आहे, पलीकडचा म्हणजे फंक्शन एकूण केवढं. दोन्ही सोळाच्या पायावर. प्रश्नचिन्ह असलेली ओळ म्हणजे स्टॅकवर तो पत्ता सापडला, पण तो आत्ताच्या साखळीतला आहे की आधीच्या कॉलचा राहिलेला, याची कर्नलला खात्री नाही. त्या ओळी पहिल्या वाचनात सोडून दे. कर्नल ४.१४ मध्ये (२०१७) एक्स८६ वर ओआरसी हा नवा अनवाइंडर, म्हणजे स्टॅकवरून साखळी उलगडणारा भाग, आला तेव्हापासून साखळ्या बऱ्याच भरवशाच्या झाल्या आहेत.

आणि एक कर. झोपलेल्या प्रोसेसचा स्टॅक दहा सेकंदांनी पुन्हा घे, मग तिसऱ्यांदा घे. तिन्ही वेळा तीच ओळ आली तरच ‘अडकली’ म्हण. एकदाच घेतलेल्या स्टॅकमध्ये डिस्कसाठी क्षणभर थांबलेली निरोगी प्रोसेसही अगदी तशीच दिसते.

प्रश्न: हे सगळं चालू सर्व्हरवर करणं सुरक्षित आहे का? आमच्याकडे दिवसा काहीही चालवायला परवानगी नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर: पीआयडीची ‘स्टॅक’ फाइल वाचणं निर्धोक आहे, फक्त रूट लागतं. ९९ च्या दराने अर्धा मिनिट पर्फ चालवणंही सहसा जाणवत नाही. सिसआरक्यूच्या आज्ञांपैकी ‘एल’ धावत्या सीपीयूंचे स्टॅक छापतो आणि ‘डब्ल्यू’ फक्त ‘डी’मधल्यांचे, त्यामुळे दोन्ही आटोपशीर असतात. जपायचं ते ‘टी’ला. तो मशीनवरची प्रत्येक प्रोसेस छापतो. कन्सोल सिरियल पोर्टवर असेल तर ११५२०० बॉडलाही सेकंदाला जेमतेम ११ केबी बाहेर पडतात, आणि हजारो प्रोसेस असतील तर छापता छापताच मशीन गोठल्यासारखं होतं. शिवाय लॉगचा बफर भरून सुरुवातीचा भाग पुसला जातो तो वेगळाच. आधी कन्सोलची लॉग पातळी खाली आणा, मगच ‘टी’ चालवा, आणि शक्यतो ‘डब्ल्यू’वर भागवा. परवानगीचा अर्ज करताना ‘डब्ल्यू’ आणि पर्फ यांचीच नावं घाला आणि चाचणीच्या सर्व्हरवर चालवून मिळालेला लॉग त्याला जोडा.